डबा, जावई आणि निखाडेकाका

निखाडेकाका जनरेटर सुरू करण्याआधी रिकाम्या खोलीतून माणसं बाहेर काढत.

खोली म्हणजे त्यांचा डबा. दोन चाकांवरची, पत्र्याची, जीपच्या मागे जोडून न्यायची एक लहानशी खोली. डबा जागेवर उभा राहिला, खाली जॅक लागला, की काका दार उघडत, आत डोकं घालत आणि अगदी घरच्या आवाजात म्हणत, "चला, या बाहीर." मग ते दाराच्या बाजूला उभे राहत. थोड्या वेळानं उजवा हात पुढे करत, तळवा वर. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरताना देतात, तसा. तो हात हळूहळू खाली येई. एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. मग ते हात सोडवून घेत, एक पाऊल मागे सरकत आणि आणखी कुणाला तरी वाट देत. या दुसऱ्या माणसाला हात लागत नसे. ते माणूस झरझर उतरत असावं, कारण काकांची नजर पायरीवरून पटकन जमिनीवर येई. त्यानंतर आत पुन्हा एकदा डोकावून, दार सताड उघडं टाकून, काका जनरेटरकडे वळत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, आत कोण आहे?

"कोनी नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काहून? तुले कोनी दिसलं काय?"

हे त्यांनी चेष्टेत विचारलं नव्हतं. ते उत्तराची वाट पाहत उभे होते.

आमच्याबरोबर देवांगन नावाचा साखळी धरणारा, मापं घेणारा माणूस होता. चाळिशीचा, गडगडाटी हसणारा. त्याला या प्रकाराचं फार हसू आलं. दुसऱ्या दिवशी तो थोडा कमी हसला. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, काकांनी दार उघडल्यावर देवांगन पायरीसमोरून गुपचूप बाजूला झाला. वाटेत यायला नको म्हणून.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि जुन्या गावाला न विचारता लोकांनी पूर्वेकडच्या मोकळ्या जमिनीवर दुसरं गाव आखायला घेतलं. मी एका खाजगी सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचो. आमच्याकडे त्या जमिनीचा एक तुकडा मोजायचं काम आलं. तिथे ना वीज, ना छप्पर. मोजणीयंत्राच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, कॉम्प्युटर चालवायचा, तर आमच्या साहेबांनी कुठून तरी निखाडेकाकांना शोधून काढलं. डबा, जीप आणि जनरेटर असं सगळं काकांसकट भाड्यानं.

काका रेल्वेत गाड्यांच्या दिव्यांचे मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा डबा स्वतः बांधला. चाकांचा आस जुन्या जीपचा, पत्रा उरला भागातल्या कारखान्यांच्या भंगारातला, वेल्डिंग रायपुरातल्याच भनपुरीच्या एका वर्कशॉपमध्ये. खिडक्या मात्र खऱ्या रेल्वेच्या होत्या, वर सरकवायच्या, लिलावात घेतलेल्या. आत दोन बर्थ, एक टेबल आणि भिंतीला एक पंखा, जो सुरू करायला बोटानं ढकलावा लागे. काका त्याला ट्रेलर म्हणू देत नसत. म्हणायचे, "ट्रेलर सिनेमाचा राहते बाप्पा. हा डबा होय."

आणि जनरेटर म्हणजे जावई.

जावयाला मान द्यायचा. वेळेवर खाऊ-पिऊ घालायचं, म्हणजे पेट्रोल आणि ऑइल. गरम असताना त्याच्या तोंडाला लागायचं नाही, थंड झाल्यावरच टाकीचं झाकण उघडायचं. त्याला बसायला सपाट जागा द्यायची. चार कोपऱ्यांना विटा रचून डोक्यावर पत्रा धरायचा, पण बाजू मोकळ्या. "सर्व करायचं," काका सांगत, "पन घरजावई करायचा नाही." हे वाक्य दिवसातून दहा वेळा होई. कुणी जनरेटर दोन हात जवळ ओढायला गेलं की मागून यायचंच, "ए, घरजावई करून राहिला काय?"

जावयाचा प्रवास हेही एक प्रकरण होतं. डबा आणि जीप यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर काकांनी एक जाळी बसवली होती. जावई तिथे उघड्यावर बसे, दोन पट्ट्यांनी आवळलेला. निघण्यापूर्वी काका दांडा खांद्यावर उचलून वजन पाहत. डबा नाकावर थोडा जड पाहिजे, पण फार नको. "त्यानं मान टाकली पाहिजे, रडला नाही पाहिजे." एकदा साहेब म्हणाले की पुढे धूळ बसते, मागे बांधा. काकांनी मुद्दाम मागे बांधून दाखवला. डबा रस्त्यावर दारुड्यासारखा झुलायला लागला आणि साहेबांनीच जीप थांबवायला सांगितली. मग साहेब म्हणाले, तर मग आतच ठेवा की, दोन बर्थच्या मध्ये. काकांनी जीपची किल्ली काढून खिशात घातली आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली जाऊन मांडी घातली. "साहेब, थो आत बसन तर मी बाहीर बसतो." पाऊण तास आम्ही तिथे होतो. शेवटी जावई परत नाकावर गेला.

पण काकांचं खरं कसब जागा निवडण्यात होतं. ते बिडी ओढत नसत, पण त्यांच्या खिशात बिडीचा कट्टा असे. डबा उभा राहिला की ते एक बिडी पेटवत, हात लांब करून धरत आणि धूर कुठे जातो ते बघत. वारा ज्या दिशेला जातो त्या दिशेनं, डब्यापासून पंचवीस पावलं मोजून जावयाची जागा ठरे. धुराच्या नळीचं तोंड डब्याकडे पाठ करून. "याच्या तोंडाचा वास चांगला नाही." दुपारी वारा फिरला की पुन्हा बिडी. आणि वारा खरंच फिरला असेल, तर काका जावयाला लाकडी पाट्यावरून ओढत दुसरीकडे नेत, वायर पुन्हा टोकाला फाटा असलेल्या बांबूच्या दुबेळक्यांवरून टाकत. कधी कधी दिवसातून तीन वेळा. त्या सपाट माळावर दुरून पाहिलं तर वाटे, एक म्हातारा माणूस एका आजारी जनावराला सावलीसाठी फिरवतोय.

ती जागाच अशी होती. आखलेले रस्ते नदीएवढे रुंद, आणि त्यांवर कुणी नाही. कुठे दिव्यांचे खांब उभे, त्यांना नंबर दिलेले, पण तारा नाहीत. दुपारच्या दोन वाजता तिथे इतकं शांत असे की देवांगन अर्धा मैल दूर खोकला तरी ऐकू येई. आणि त्या शांततेत जनरेटरचा आवाज विचित्र वागायचा. तो पूर्वेला ठेवला असताना पश्चिमेकडून यायचा. एकदा मी काकांना म्हटलं, आवाज मागून येतोय. ते म्हणाले, "आवाजावर जाऊ नको. धुरावर जा. आवाज सांगते, थो चालू हाय. धूर काही सांगत नाही, थो आपनच पाहा लागते."

माघातली गोष्ट. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि उत्तरेचं वारं बोचत होतं. संध्याकाळी साहेबांना एक नकाशा हवाच होता. तो दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसात जायचा होता आणि आमचं पुढचं काम त्यावर ठरणार होतं. दुपारी पेट्रोल संपत आलं. काका जीप घेऊन पेट्रोल आणायला निघाले. निघताना त्यांनी जीपच्या खिडकीतून सांगितलं की पाऊस आला तर जावई बंद करा, काम राहू द्या, सूर्य उद्याही उगवतो. देवांगन त्याच्या बोलीत हो म्हणाला, "हव, कका."

जीप दिसेनाशी झाली आणि वीस मिनिटांत पाऊस आला. तिरपा, गारठलेला. विटांवरचा पत्रा वाऱ्यानं उडाला. मी नकाशाच्या शेवटच्या भागात होतो. तासाभराचं काम. मी देवांगनला म्हटलं, चल, उचलू. आम्ही दोघांनी जावई उचलला आणि डब्याच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, कोरड्या जागी नेऊन ठेवला. पाऊस आत येऊ नये म्हणून वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री सोडली. मग थंडी वाजते म्हणून रेल्वेच्या खिडक्या खाली ओढल्या आणि दाराला आतून कडी लावली.

मला तेव्हा वाटलं होतं की आम्ही काकांचं ऐकलंय. जावई घराबाहेरच तर होता.

पायाखालून आवाज येत होता, जमीन थरथरत होती. डब्याच्या तळाला वायरीसाठी भोकं होती, त्यांतून पायांना उबदार हवा लागत होती. बरं वाटत होतं. थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. मी म्हटलं, आवाजानं असेल. नकाशावरची एक रेघ दोन दिसायला लागली. देवांगन म्हणाला, जरा डोळा लागतोय भैया, आणि बर्थवर आडवा झाला. मग मला जाणवलं की आवाज कमी झालाय. जनरेटर बंद पडला का, असं मनात आलं, पण दिवा तर पेटलेला होता. आवाज खूप लांब गेला होता. मला घाई नव्हती. नकाशाही नको होता. मी टेबलावर डोकं टेकलं.

यानंतरचं जे सांगतो, ते मला जसं आठवतं तसं सांगतो.

दारातून कुणीतरी बोललं. बाईचा आवाज. जेवण झाल्यावर पाहुण्यांना अंगणात बसायला बोलावतात, तसा साधा.

"बाहीर येऊन बसा नं. आत लय कोंदटलं."

मला वाटलं, कुणाच्या घरी आलोय आपण, उठायला हवं, बरं दिसत नाही. मी उठलो. उठलो म्हणजे खाली पडलो आणि रांगत निघालो. दार उघडं होतं. तोंडावर पाऊस आला. पायरीवरून मी चिखलात कोसळलो आणि तिथेच ओकलो. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जीपचे दिवे. काका धावत येतायत, एक चप्पल चिखलात राहिलीय. काकांनी आत जाऊन देवांगनला बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. त्याच्यासारख्या धिप्पाड माणसाला त्या साठी ओलांडलेल्या हाडकुळ्या माणसानं कसं उचललं, कोण जाणे. मग खालचा आवाज थांबला. देवांगनचं डोकं मांडीवर घेऊन काका पावसात बसले आणि त्याच्या छातीवर हात ठेवून मोजू लागले. एक, दोन, तीन. मी एकवीसपर्यंत ऐकलं.

देवांगन वाचला. चार दिवस दवाखान्यात होता, मी दोन. घरी आल्यावर रोज सकाळी काका आमच्या दारात येत. आत येत नसत. रस्त्यावरूनच आईला विचारत, "श्वास बरोबर हाय नं पोट्ट्याचा?" आई हो म्हणे. ते मान हलवून जात. आम्हाला ते एका शब्दानंही रागावले नाहीत. मला तेच सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते गेल्यावर आई दारातच उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, हे तर भनपुरीचे निखाडे. मी ओळखलंच नाही, किती वाळले.

आणि भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं. खूप वर्षांपूर्वी, रेल्वेत असतानाच, काका लग्नाकार्यात जनरेटर भाड्यानं द्यायचे. दोन होते त्यांच्याकडे. उन्हाळ्यात एकदा वादळ झालं आणि भनपुरीकडची लाइट दोन दिवस गेली. घरात काकांची बायको आणि म्हातारी आई. आई गुडघ्यांनी हैराण, उकाड्यानं जीव जायची पाळी. काकांनी एक जनरेटर मागच्या पडवीत लावून दिला आणि पंखा सुरू केला. धूळ येत होती म्हणून पडवीचा पत्रा ओढून घेतला. दुसरा जनरेटर घेऊन ते लग्नाला गेले. दुपारी सासू-सून खिडक्या लावून पंख्याखाली झोपल्या. काका चार वाजता परत आले. गल्लीच्या टोकापासून त्यांना मशीनचा आवाज येत होता. म्हणून ते निवांत चालत आले, रस्त्यात कुणाशी तरी दोन शब्द बोलले. मशीन नीट चालू होतं. पंखाही चालू होता.

एवढं सांगून आई निवडलेली भाजी धुवायला उठली. पायरीवर कुणाला हात लागायचा आणि कुणाला नाही, ते मला कळलं होतं.

अंगात थोडी ताकद आल्यावर मी काकांकडे गेलो. जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यात एका देवळामागे ते वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचे. संध्याकाळची वेळ होती. खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, त्यांना झडपाच नव्हत्या. काढून टाकलेल्या दिसत होत्या. काकांनी चहा ठेवला. मी माफी मागितली. ते म्हणाले की चूक त्यांचीच, पंचवीस पावलं सांगितली पण खालीसुद्धा नको, हे सांगायचं राहिलं. आता सगळ्यांना सांगीन, म्हणाले.

मग मी दाराचं विचारलं. मी स्वतः आतून कडी लावली होती. मग ते उघडलं कुणी? काका आले तेव्हा मी बाहेर पडलेलो होतो.

काका म्हणाले, एका बाजूचा जॅक चिखलात खचला होता. डबा कलला. जुनी कडी, आपोआप सरकली असणार. त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन तपासलं होतं. मिस्त्री माणूस. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं आणि मी गप्प बसायला हवं होतं. पण तो आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. डॉक्टर म्हणाले होते की धुरातल्या विषारी वायूनं मेंदूला हवा कमी पडली की असं काहीबाही ऐकू येतं. मी हेही काकांना सांगितलं, आणि मग काय ऐकलं तेही सांगितलं.

काकांनी गॅस बंद केला. चहा उकळलेला नव्हता.

"पुन्हा सांग. जसं बोलली तसंच."

मी सांगितलं. ते ओठ हलवत माझ्यासोबत म्हणत होते. 'कोंदटलं' या शब्दाला थांबले.

"आवाज एकच होता?"

"एकच."

"म्हातारा?"

"नाही. तरुण होता, काका."

ते खाली बसले. देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "रागात होती काय?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कारण या माणसाशी खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही, काका. बिलकूल नाही. काळजीनं बोलली. जरा लाजत."

काकांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग ते उठले, गॅस पुन्हा पेटवला आणि पातेल्याकडे बघत बोलायला लागले. कमल लाजाळूच होती, म्हणाले. पाहुणे आले की दारामागून बोलायची. गोंदियाची. तिला रेल्वेचा आवाज सहन होत नसे आणि लग्न झालं ते रेल्वेवाल्याशी. एकदा त्यांच्यासोबत डोंगरगडला देवदर्शनाला गेली तर अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिली, म्हणाली, तुम्ही देवीला सांगा मी आले होते म्हणून. सासूचे पाय रोज चेपायची आणि चेपता चेपता स्वतःच झोपायची. भेंडीची भाजी चिकट करायची, पण सांगायची कुणाची हिंमत. तोवर मी काकांना बोलताना ऐकलं होतं ते फक्त वारा, वजन आणि पेट्रोल यांबद्दल.

चहा कधीचा गाळून झाला होता. अंधार पडायला लागला, त्यांनी दिवा लावला नाही. मी येतो म्हटलं. त्यांनी ऐकलं नसावं. मी चपला घातल्या आणि हळूच जिना उतरायला लागलो.

वर काका बोलतच होते. आवाज खालचा, निवांत, मध्ये थांबून, जसं कुणाचं तरी ऐकून घेऊन पुढे बोलावं तसा. मी रस्त्यावर आलो तरी तो येत होता. मी वर पाहिलं नाही.